सकर्मकांची यादी आणि 'ब' बॅच

घाटकोपरला माझ्या लेकीचा इंग्रजीचा क्लास एका गाळ्यात भरायचा. गाळा इतका अरुंद की एकाला शिंक आली तर तिघांनी नाक पुसायचं. शिकवायची पद्धत एकच, याद्या. सरांनी क्रियापदांचा कागद छापून दिला होता. डावीकडे सकर्मक, उजवीकडे अकर्मक. पाठ करा, डोकं चालवू नका.

मी मराठी शाळेतला, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. तरी घरी तिला सांगितलं, "क्रिया कशावर तरी जाऊन आदळते का बघ. आदळली तर सकर्मक, कर्त्यापाशीच संपली तर अकर्मक. आणि अख्खं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नकोस." पोरीला दोन मिनिटांत कळलं. मला दोन वर्षं आणि गुरुजींच्या दोनशे छड्या लागल्या होत्या.

शनिवारच्या टेस्टमध्ये आलं, 'वी ईट ॲट नाइन'. तिने लिहिलं, अकर्मक. नऊला जेवतो, बस. काय जेवतो ते वाक्यात नाहीच. सरांनी लाल फुली मारली, कारण 'ईट' डावीकडच्या यादीत. त्या एका मार्कापायी तिची रवानगी 'ब' बॅचमध्ये, म्हणजे बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या ढिगाशेजारी.

माझं टाळकं फिरलं. जाऊन असा गरजलो की मुलुंडपर्यंत कुकरच्या शिट्ट्या दबल्या असतील.

"सर, या वाक्यात कर्म दाखवा. इथल्या इथे मिशी उतरवतो."

सर पंचविशीचे, बर्फासारखे थंड. "काका, तुमचं बरोबर आहे."

"मग मार्क द्या ना."

"एकीला दिला तर सगळे भांडायला येतील. यादी म्हणजे यादी. 'ईट सकर्मक आहे' असं दहा वेळा लिहून द्यायला हिला सांगा, सोमवारपासून 'अ' बॅचमध्ये बसवतो."

लेक पेन धरून माझ्याकडे बघत होती. "बाबा, पण आपलं बरोबर आहे ना?"

तिचं दप्तर उचलून तडक घरी निघायला हवं होतं. पण वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, आणि चपलांशेजारी बसलेली पोर मला बघवेना. म्हणालो, "लिही गं."

तिने लिहिलं. दहाच्या दहा ओळी, सुंदर अक्षरात, वर न बघता. सोमवारी ती आत बसली.

त्या सरांचा मला आजही संताप येतो. पण ते निदान खुर्चीत बसून, आवाज न चढवता, सरळ 'नाही' म्हणाले होते. पोरीला नीट कळलेलं तिच्याच हाताने मी खोडायला लावलं, तेही इतकी आरडाओरड केल्यावर.