जाऊबाईंनी खोडलेलं

आमच्या थोरल्या जाऊबाई जुनी पुस्तकं आणि रंग गोळा करून गरजू शाळांना देतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण आलेली पिशवी तशीच पुढे ढकलणं त्यांना पटत नाही. जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून त्या आधीच्या मुलानं पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं खोडतात. उत्तरं, नावं, चित्रांना काढलेल्या मिशा, सगळं. रंगखडूंची मळकी टोकं ओल्या फडक्यानं पुसतात, दोन अर्धवट पेट्यांची मिळून एक भरलेली पेटी करतात, ब्रश साबणानं धुऊन कपात उभे ठेवतात. आमचे हे त्यांना ‘खोडरबर वहिनी’ म्हणतात. त्यांच्यापुढे फार वेळ बसू नका, तुम्हीही पुसले जाल, असं पाहुण्यांना बजावतात.

लहानपणी जाऊबाईंना वरच्या वर्गातल्या एका मुलीची पुस्तकं मिळायची, तिच्या नावासकट. वर्गानं जाऊबाईंचं नाव ‘उष्टी’ पाडलं, ते शाळा सुटेपर्यंत चिकटलं. म्हणून त्यांचा हट्ट, की घेणाऱ्या पोराला देणाऱ्याचा हात दिसता कामा नये. आणि खोडताना वाचायचं नाही. वाचलं की हात रेंगाळतो, शिवाय परक्याच्या घरात डोकावल्यासारखं होतं. मी माळ ओढते तसं त्यांचं खोडणं चालतं, डोळे पानावर आणि मन भलतीकडे.

मध्यंतरी समोरच्या घरातल्या सूनबाईंनी एक पिशवी आणून दिली. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, नुकत्याच गेल्या होत्या. त्यांचं कपाट आवरताना सूनबाईंच्या मुलाची पहिलीची पुस्तकं निघाली, म्हणून दिली. पानोपानी मोठाली, वेडीवाकडी अक्षरं होती, पेन्सिल दाबदाबून काढलेली. खोडता खोडता जाऊबाईंचा अंगठा धरला. पोरगं भारी वात्रट असणार, असं मी म्हटलंसुद्धा. मग ती पुस्तकं रंगपेट्यांबरोबर नदीपलीकडच्या शाळेत गेली.

पुढच्याच आठवड्यात सूनबाईंचे सासरे आले. जन्मभर मालट्रक चालवला म्हणून त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणतात. बसा म्हटलं तरी बसेनात. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की ती अक्षरं नातवाची नव्हती, काकूंची होती. नातू पहिलीत असताना त्याच्या शेजारी बसून काकू उतारवयात लिहायला शिकल्या. लाजेपोटी काकांखेरीज कुणाला बोलल्या नाहीत. सूनबाई दिवसभर नोकरीवर, त्यांना वाटायचं सासूबाई पोराचा अभ्यास घेताहेत. नातवाला विचारलं, तर आजी पेन्सिलीसाठी भांडायची एवढंच त्याला आठवतं.

काका गाडीवरून परतले की काकू पुस्तक उघडून म्हणायच्या, हे तुमच्याबद्दल लिहिलंय. काय लिहिलंय विचारलं की म्हणायच्या, आधी शिका, मग वाचा. काकांना सहीपुरतं येतं. रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा ते रंगावरून ओळखायचे. आता नातवाकडून वाचून घ्यावं म्हणून त्यांनी कपाट उघडलं, तर फळी रिकामी.

जाऊबाईंनी आडपडदा ठेवला नाही. सगळं खोडलं म्हणून सांगून टाकलं.

काका म्हणाले, “खोडलंत तर खोडलंत, ताई. पण खोडताना वाचलं असेलच ना? काय होतं तेवढं सांगा.”

“नाही वाचलं, काका. मी वाचत नाही.”

“एकही ओळ?”

जाऊबाईंनी मान हलवली. चहाच्या निमित्तानं मी त्यांना आत ओढलं आणि कानात सांगितलं, की काहीतरी गोड सांगा, वाट बघते, जपून या, असलं काहीतरी. कुठली बायको लिहिणार नाही? त्या तशाच बाहेर जाऊन काकांना म्हणाल्या, चला, शाळेत जाऊन बघू, एखादं पान माझ्या हातून सुटलं असेल.

आम्ही तिघं गेलो. वर्गशिक्षिकेनं पुस्तकं एकेक करून दाखवली. पानं स्वच्छ होती. आमच्या जाऊबाईंचं काम, त्यात कुठून खोट राहणार. शेवटचं पुस्तक दोन वेण्यांच्या एका मुलीकडे होतं. ती ते द्यायला तयार नव्हती. शिक्षिकेनं सोडवून घेतलं आणि काकांनी पान उलटलं. ट्रकच्या चित्राखाली पेन्सिलीची मोठाली, वाकडी अक्षरं होती.

काकांचं बोट तिथं थांबलं. “हे राहिलंय. ताई, हे तिचंच ना?”

पुस्तकात लिहिलेलं पकडलं गेलं म्हणून ती पोर खाली बघत होती. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच ‘हो म्हणा’ म्हटलं. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही.

“नाही, काका,” त्या म्हणाल्या. “हे हिनं लिहिलंय. काकूंचं मी काही शिल्लक ठेवलं नाही.”

काय लिहिलंस गं, असं काकांनी तिला विचारलं. तिनं स्वतःचं नाव वाचलं. काकांनी पुस्तक मिटलं, हातानं झटकलं, जणू धूळ बसली होती, आणि तिला परत दिलं.

बसची वाट बघताना ते एवढंच बोलले, “तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी मानलं असतं.”

“म्हणूनच नाही म्हणाले,” जाऊबाई म्हणाल्या.

बसमध्ये काका पुढे जाऊन बसले.

ते खोटं पाप ठरलं असतं का, हे मी देवापुढे बसले की विचारते. अजून मन निवलेलं नाही. जाऊबाईंना विचारायची हिंमत होत नाही. त्या आता प्रत्येक ओळ वाचतात. जरा थोराचं अक्षर वाटलं की पुस्तक घेऊन त्या घरी जातात आणि हे कुणाचं म्हणून विचारतात. लोक वैतागतात. दिलं ते दिलं, आता कशाला चौकशी, असं एकानं तोंडावर सुनावलं. पिशव्या जिन्यापर्यंत साचल्या आहेत. रंग कधी मिळतील म्हणून शाळेतून दोनदा निरोप आला.

ड्रायव्हरकाका सकाळी आमच्या दारावरून जातात. मला हाक मारतात, यांची चौकशी करतात. टेबलाशी जाऊबाई बसलेल्या दिसतात त्यांना, पण तिकडे बघत नाहीत. त्या मात्र काका वळणापलीकडे जाईपर्यंत हातातलं पान उलटत नाहीत.