बागेत राहिलेलं भरिताचं पातेलं

ग्रुपमधल्या सगळ्यांना एकच विचारते. आपल्या बागेत दारू पिणाऱ्यांना आधीच खबर कोण देतं?

आज संध्याकाळी सहाला पोलीस येणार, हे मी तासभर आधी फक्त इथे लिहिलं होतं. पोलीस आले, तर घसरगुंडीमागचा कट्टा रिकामा! बाटली नाही, ग्लास नाही.

बागेचे माळी नाना म्हणाले, "अक्का, एकले फोन उना, आन बठ्ठा पयी गयात." म्हणजे फोन आला आणि सगळे पळाले.

बाटल्या आठवणीने नेल्या, पण घाईत वांग्याच्या भरिताचं पातेलं राहिलं. अजून कोमट होतं. पोलीस हसून निघून गेले. मी पातेलं घरी आणलं आणि घासलं.

लग्नात आलेल्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं, हे या शहाण्यांच्या लक्षातच आलं नाही. काठावरचं नाव वाचलं आणि मी चाटच पडले. माझ्या त्या मेसेजखाली "कडक कारवाई झालीच पाहिजे" असं सगळ्यात आधी याच नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं!

उद्या सकाळी पातेलं आमच्या ओट्यावर ठेवणार आहे, नाव रस्त्याकडे करून. त्याआधी न्यायला तुम्ही येता, की वहिनींना निरोप धाडू?