रोहूचं खवलं आणि आमचं दार



मी माशांच्या प्रयोगशाळेत काम करते. झाडाच्या खोडासारखी माशाच्या खवल्यावरही वलयं असतात. त्यावरून त्याचं वय कळतं. दोन वलयांत अंतर भरपूर असेल तर मासा त्या वर्षी छान वाढला. कमी असेल तर वाढ खुंटली.

आज आमच्या घरामागच्या तलावातले रोहू आले होते. एकाचं खवलं पाहिलं, तर कडेची, म्हणजे अलीकडच्या वर्षांची, वलयं जवळजवळ चिकटलेली. वाटलं, माझंच चुकलं. सोबत काम करणाऱ्या सुमाअक्का त्यांच्या कानडी वळणाने म्हणाल्या, "स्वल्प थांब गं, थोडं थांब, दुसऱ्याचं बघू." दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचंही.

आमच्या सोसायटीची बोअरवेल त्या तलावाला लागूनच आहे.

घरी आले ती चपला न काढताच बेडरूमच्या दाराशी गेले. दर वाढदिवसाला आम्ही तिथे लेकीची उंची पेन्सिलने आखतो. खालच्या रेघांत चार-चार बोटं अंतर आहे. वरच्या दोन, सातव्या आणि आठव्या वाढदिवसाच्या, एकमेकींना टेकल्यात. रोज ते दार उघडते मी, कधी दिसलंच नाही!

उद्या डॉक्टरांकडे नेतेय, पाणीही तपासायला देतेय. कदाचित काही नसेलही.

पण तलावाकाठच्या शेजाऱ्यांनो, तुमच्या दारावरच्या रेघा काय म्हणतात?