शेजारी माग, अंगावर नायलॉन

दुष्काळाचं वर्ष होतं. मी भिंगारच्या एका शाळेत शिकवत होते आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. भिंतीपलीकडे विणकराचं बिऱ्हाड होतं. नवरा मागावर बसायचा, बायको दारात बसून सुताच्या कांड्या भरायची. आपसात ती दोघं तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. तिला मी मावशी म्हणत असे आणि त्यांना काका.

माझ्या तिन्ही साड्या त्यांच्याच मागावरच्या, सुती. एक धुवायची तर दोन बादल्या पाणी लागे, आणि नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. अशात बाजारात नायलॉनची साडी दिसली. जांभळी, पांढऱ्या फुलांची, सुती साडीच्या निम्म्या किमतीत. थोड्या पाण्यात निघते, इस्त्री लागत नाही, असं विकणारा म्हणाला. मी घेतली.

घरी मात्र ती मेथीच्या जुडीखाली लपवून आणली. मी तापानं पडले तेव्हा मावशीनं आठ दिवस पेज करून घातली होती. तिच्या दारावरून ही नेसून जायचं कसं? मी मागच्या बोळातून शाळेत जाऊ लागले. साडी वाळवायची तीही खोलीतच, दोरीवर.

एका संध्याकाळी मावशी विरजण मागायला आली आणि तिची नजर थेट दोरीवर गेली. तिनं पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला.

"बाई, कुठं मिळाली?"

"बाजारात. पाण्यामुळं घेतली हो मावशी. रागावू नका."

"रागवू कशाला? लई हलकी हाय. मला दोन दिवस द्याल? भाचीचं लगीन हाय."

"घरात माग असताना?"

"म्हनूनच. जल्मभर सूतच नेसले."

लग्नात मावशी ती मिरवून आली. साडी परत द्यायला काकाही आले. हसत म्हणाले, "आमच्याच घरात नेसली, तुमाला काय बोलू? पन समद्यांनी हीच घेतली तर मी काय विनायचं?"

स्वस्त माल टिकत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. ती साडी कधी फाटलीच नाही. पुढं तिचा पडदा केला, तोही वर्षानुवर्षं टिकला.

शेवटी मी म्हणाले, "वर्षाला एक साडी तुमच्याकडूनच घेईन, आणि भावात घासाघीस करणार नाही."

"मग किनार तुमीच सांगा," ते म्हणाले.

मी मोरपंखी सांगितली. रोज शाळेतून आले की साडी किती विणून झाली ते बघायला जायचे. एकदा काकांनी मला मागावर बसवलं. मागाखालच्या खड्ड्यात पावड्यांवर पाय ठेवून मी आडव्या सुताचा धोटा फेकला, पाय चुकला आणि चार धागे तुटले. त्यांनी ते जोडले, पण गाठी दिसत राहिल्या.

"राहू द्या," मावशी म्हणाली, "निऱ्यांत जातील."