फटफटीची खांदमळणी

आमच्या बाबांचा माझ्या फटफटीवर अजिबात राग नव्हता. ती बैल आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

साठ साल उजाडायचं होतं. अचलपूरच्या एका ठेकेदाराकडे लढाईतली विलायती फटफटी धूळ खात पडली होती. त्याला शेतीचा नाद लागलेला, मला फटफटीचा. बाबा परगावी गेल्याची संधी साधून मी जोडीतला पाखऱ्या बैल त्याला दिला आणि फटफटी घेऊन आलो. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले आणि म्हणाले, "पाखऱ्याच्या जागी आली ना? मंग त्याचा मान आता हिले भेटन."

मी तिची सुधारणा करायला घेतली. (विलायतेतल्यांनी अर्धवट सोडलेलं काम आमच्यासारख्यांनाच पुरं करावं लागतं!) सायलेन्सर काढून टाकला, कारण मी येतोय हे लोकांना कळायला हवं. लोहाराकडून हँडल हातभर उंच करून घेतलं. लॉरीचा भोंगा बसवला, टाकी लालभडक रंगवली. आमच्या राजापेठेतून निघालो की ओट्यावरची म्हातारी माणसं उठून घरात जायची. मी त्याला कौतुक समजत होतो.

हा सारा खटाटोप लग्नासाठी. तीन ठिकाणांहून नकार आला होता. एका मुलीचा मामा तर आमच्याकडे दोनदा मागून पोहे खाऊन गेला आणि मग नाही म्हणाला! चौथं स्थळ अकोल्याजवळच्या एका गावातलं. मुलीच्या वडिलांनी आम्हाला पोळ्याच्याच दिवशी बोलावलं. हेही स्थळ हातचं गेलं, तर पुढं शब्द टाकायला एकही नातेवाईक उरला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू घासून सोललेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मी अंगणात फटफटीची चाकं खोलून बसलो होतो. बाबा लोण्याची वाटी घेऊन आले आणि हिला सगळ्यात जास्त कुठं घासतं, ते विचारू लागले. मला ज्ञान पाजळायची भारी हौस. ब्रेकचे पट्टे दाखवून मी सांगितलं की हे आतून घासतात, म्हणूनच गाडी थांबते. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोज घासते? अन् तू आज सांगून राहिला?"

मी रंगाचा डबा आणायला आत गेलो. परत येऊन पाहतो तर चाकाच्या आत पिवळं, मऊ काहीतरी. विलायती ग्रीस पिवळं असतं, हे मला ठाऊक होतं. (कुठून ठाऊक होतं, ते विचारू नका!) मी चाकं बसवून टाकली.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून बाबा सकाळच्या सरकारी मोटारीनं पुढं गेले. मी फटफटीवर निघालो. वाटेत ब्रेक लावायची वेळच आली नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव, दर ठिकाणी ती आपल्याच मनानं बंद पडत होती.

त्या गावाच्या तोंडाशी उतार. उताराखाली पोळा भरलेला. सजवलेले बैल ओळीनं उभे, समोर आंब्याच्या पानांचं तोरण. ते तोडायचा पहिला मान पाटलाच्या बैलाचा. त्यावरून पूर्वी डोकी फुटलेली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, फक्त तूप कढवल्याचा वास आला! मी भोंगा वाजवला. बैल उधळले, माणसं उधळली, आणि माझ्या उंच हँडलात अडकून तोरण तुटलं. पुढं कडब्याची गंजी होती, म्हणून आज हे लिहितो आहे.

पाटलाची माणसं काठ्या घेऊन धावली. लग्न राहिलं, आता जीव वाचला तरी पुष्कळ, असं मला वाटलं. तेवढ्यात मुलीचे वडील मधे पडले. त्यांच्या घरचा बैल तीस वर्षं पाटलाच्या बैलामागं दुसरा उभा राहत आला होता.

"तोरण आमच्या जावयानं तोडलं," ते म्हणाले. "मान आमच्या घरचा."

पाटील म्हणाले, हा बैलच नाही. मग आमचे बाबा पुढं झाले. पाखऱ्याच्या बदल्यात आली, काल लोणी लावून खांद मळली, जेवायचं आवतनही दिलं, असा सगळा पुरावा त्यांनी शांतपणे मांडला. जाणत्यांनी खल केला. शेवटी फटफटी बैल ठरली, आणि त्यामुळं मी जावई ठरलो. मला कोणी एक शब्द विचारला नाही.

मग मानाच्या बैलाला घरोघर ओवाळायला न्यायचं. इंजिन बंद, म्हणून मी ढकलत होतो, बाबा शेजारून चालत होते. अंगभर कडबा, तोंडभर धूळ. मुलीच्या दारी आलो. ती ताट घेऊन बाहेर आली. तिनं फटफटीच्या पुढच्या दिव्याला कुंकू लावलं, टाकीवर पुरणपोळी ठेवली, हँडलाला मनापासून हात जोडले. आता माझी पाळी म्हणून मी कपाळ पुढं केलं.

ती दोन पावलं मागं सरली आणि आमच्या बाबांना, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांना, म्हणाली, "मामाजी, हे कोन होय?"

बाबांनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं.

"हा? हा हिच्या संगं आला."