कॉम्प्रेसरच्या खोक्यातली कोंबडी

माझी धाकटी बहीण सरू जन्मानं रोह्याची, पण नांदते पेणजवळ जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात. लग्न होऊन गेली तेव्हा सासूनं तिला आधी मूर्ती उचलायला शिकवलं, चुलीपाशी नंतर पाठवलं. मूर्तीखाली भाताचा पेंढा, पेंढ्याखाली दोन्ही तळवे, आणि श्वास रोखून उठायचं. चाळीस वर्षांत तिच्या हातून एका गणपतीचं बोटसुद्धा गेलेलं नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, जोह्यात कुणालाही विचारा.

दुसरी तिची खोड म्हणजे खोकी. मिक्सर घेवो की टॉर्च, खोकं जायचं माळ्यावर, थर्माकोल आणि पिशव्यांसकट. तिचा नवरा हिरामण म्हणायचा, "माळा खोक्यांचा, आपण नुसतं खाली भाड्यानं ऱ्हातो."

यंदा आषाढ सरता सरता तिनं पेणहून रंग मारायचा नवा कॉम्प्रेसर आणला. आठव्या दिवशी तो बंद पडला. दोनशे मूर्ती रंगावाचून उभ्या. दुकानदार फोनवर म्हणाला, "दहा दिवसांच्या आत कंपनीच्या खोक्यातनं आणा, लगेच बदलून देतो. नायतर दुरुस्तीला पाठवावा लागंल, महिना जाईल." महिन्यानं तर गणपती घरोघर बसणार.

सरू ऐटीत माळ्यावर चढली आणि रिकाम्या हातानं उतरली. "अवो, खोकं कुठं हाय?"

हिरामण पडवीकडे बघायला लागला. पडवीत खोकं होतं. खोक्यात पेंढा, पेंढ्यात बारा अंडी आणि अंड्यांवर कोंबडी. थर्माकोल आणि आतलं बाकीचं सामान तेवढं त्यानं गोणीत भरून ठेवलेलं.

मी नेमका त्या दिवशी तिथंच होतो. म्हटलं, "सरू, हलवलीस तर उठंल गो ती. परत बसायची नाय."

"दादा, माझ्या हातात गणपती कधी हालला काय?"

तिनं शेजारी टोपली ठेवली. दोन्ही हात पेंढ्याखाली सारले, श्वास रोखला आणि पेंढा, अंडी, कोंबडी सगळं एकदमच वर आणलं. कोंबडीनं एक डोळा उघडला, सरूकडे बघितलं आणि मिटला. हिरामण आणि मी, आम्हीही श्वास रोखलेला, तो मग सोडला.

खोकं पुसून, थर्माकोल बसवून आम्ही पेणला गेलो. दुकानदारानं एकेक काढून तपासलं. पिशवी होती, पुस्तिका होती, वायर बांधायची इवलीशी तारही होती. तळाशी एक पीस निघालं.

"मावशी, हे कंपनीचं नाय."

"व्हय, ते माझं. द्या हिकडं." पीस तिनं पदरात बांधलं, आणि नवा कॉम्प्रेसर दुकानातच चालवून बघितल्यावर उचलू दिला.

दोनशेच्या दोनशे मूर्ती वेळेवर रंगल्या. बारातली अकरा पिल्लं निघाली, दारात फिरतायत. आणि नवं खोकं हिरामणनं स्वतः माळ्यावर चढवलं, तोंड सुतळीनं बांधून.