फक्कीच्या रेघा

मी शिकवते त्या शाळेच्या मैदानावर आज शिपाई फक्कीने धावपट्ट्या आखत होता. ती पांढरी रेघ सरकत माझ्या पायांपाशी आली आणि मी जागच्या जागी थांबले.

माझा मामा याच मैदानावर धावायचा. जिल्ह्यात पहिला आला, पुढे फौजेत गेला आणि लढाईतून शौर्यपदक घेऊन परतला. मी लहान असताना शाळेने त्याचा सत्कार ठेवला. गुरुजींनी हौसेने त्याची जुनी धावपट्टी आखून घेतली. तिच्यातून चालत त्याने व्यासपीठाशी यावं, अशी त्यांची कल्पना. ताशा वाजत होता. मी त्याच्या शेजारी चालत होते. पट्टीत पाय ठेवताच मामाने माझं मनगट करकचून धरलं.

"रेघेबाहेर पाऊल टाकू नकोस, पोरी. माझ्या मागोमाग चल."

"का रे मामा?"

"पेरलेलं असतंय."

सुरुंगांमधून मोकळी केलेली वाट तिकडे पांढऱ्या फितीने दाखवतात, हे आईने मला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी मला कळला तो फक्त त्याचा घामेजलेला तळवा. लोक टाळ्या वाजवत होते आणि जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान माणूस जमीन चाचपत एकेक पाऊल टाकत होता.

मामा आता नाही. त्याचं पदक मामेभावाकडे आहे. भीती मात्र माझ्या वाट्याला आली असावी. समोर पोरं ताज्या रेघा तुडवत खिदळत पळत होती आणि मी त्यांच्या प्रत्येक पावलाखालची जमीन बघत होते.

"बाई, असं तिरकं या की, जवळ पडंल," शिपाई म्हणाला.

मी दोन रेघांच्या मधूनच, शेवटपर्यंत, चालत गेले.